आधी आलेली

दवाखान्यात काचेची पेटी एकच होती आणि बाळं दोन झाली होती.

मुलगी पहाटे साडेचारला झाली, मुलगा पाच वाजून दहा मिनिटांनी. दिवस भरायला अजून सात आठवडे होते. पोटात जुळं आहे हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मुलगा आडवा होता. डॉक्टरांनी त्याला फिरवून बाहेर काढलं तेव्हा वच्छलाच्या अंगात ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

सकाळी सात वाजता डॉक्टर पॅसेजमध्ये आले. जानेवारीचा महिना होता, एकोणनव्वद साल. धुळ्यात त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की, पॅसेजमधल्या बाकाच्या लोखंडाला हात लावावासा वाटत नव्हता. बाकावर वच्छलाची सासू धुरपदाबाई बसली होती. भिंतीला टेकून तिचा मुलगा, वच्छलाचा नवरा अभिमन उभा होता. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, आणि रात्री तसाच निघून आल्यामुळे शर्टाच्या बाहीला वॉर्निशचे डाग होते. त्याच्या शेजारी त्याची थोरली बहीण प्रमिला. ती अमळनेरच्या कॉलेजात ग्रंथालयात होती. नवरा वारल्यापासून दर शनिवारी एसटीने भावाकडे यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची.

"मुलगी अकराशे ग्रॅम आहे," डॉक्टर म्हणाले. "तिला पेटीत ठेवलंय. मुलगा सोळाशे. त्यालाही पेटी लागेल, पण तो थोडा दम धरू शकतो. मी जळगावला ट्रंक कॉल लावला होता. तिथे एका बालरुग्णालयात पेटी रिकामी आहे. मुलाला तिकडे हलवू."

"कितीक लांब शे?" धुरपदाबाईने विचारलं.

"अडीच तास धरा."

"आंडोर कोठेच जावाव नही." ती उठून उभी राहिली. "त्याले पेटीमा ठेवा. पोरले लई जा जळगावले."

डॉक्टरांना अहिराणी कळत होती. आंडोर, म्हणजे मुलगा, इथेच ठेवा आणि मुलीला न्या, असं ती म्हणत होती. त्यांनी अभिमनकडे पाहिलं. "अहो, प्रवास त्याला झेपेल. तिला झेपायचा नाही. साधा हिशेब आहे."

अभिमन बाहीवरचा डाग खरवडू लागला.

"अभिमन," प्रमिला म्हणाली, "डॉक्टर काय सांगताहेत ते ऐकलंस ना?"

"तू बोलूच नको," धुरपदाबाई लेकीकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पोटमा शे तवयच नावे लिखी ठेयात तुम्हीन दोन्हीस्नी. तेन्हाघाई हाई व्हयनं."

त्यामुळेच हे झालं, असं तिचं म्हणणं होतं. नावं लिहिली होती हे खरं होतं. गेले तीन महिने ती येताना ग्रंथालयातून ग्रीक पुराणकथांचं एक जाड पुस्तक आणायची आणि सक्तीच्या विश्रांतीने कंटाळलेल्या वच्छलाला त्यातल्या गोष्टी सांगायची. वच्छला स्वतः बसस्टँडवरच्या दुकानातून भाड्याने चित्रकथा मागवायची, सासूला कळू न देता. त्यातली तिची आवडती नायिका तडिता. ती आभाळातली वीज मुठीत धरायची आणि धरणं फुटण्यापासून वाचवायची. दोघींनी मिळून कॅलेंडरच्या मागे मुलींच्या नावांची यादी केली होती. तडिता, अथेना, अटलांटा, आर्तेमिस. मुलांचं एकही नाव त्यांना सुचलं नव्हतं. शेवटच्या नावाला तर वच्छला पोट धरून हसली होती. "मिस म्हणजे अक्का, शाळेतल्या बाईंना हाक मारल्यासारखं." मागच्या पंधरवड्यात ती यादी धुरपदाबाईच्या हाती लागली आणि चुलीत गेली. जन्माआधी नाव घ्यायचं नसतं, आणि विधवा आत्याने तर मुळीच नाही. बारशाला नाव ठेवायला अभिमनच्या चुलत बहिणीला बोलवायचं असं तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

"मला सही लागेल," डॉक्टर म्हणाले. "कुणाला हलवायचं ते तुम्ही लिहून द्या. मी माझं मत सांगितलंय. तेही मी लिहिणार आहे."

अभिमनने कागद घेतला. बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग खिडकीच्या कठड्यावर ठेवून त्याने लिहिलं आणि सही केली. प्रमिलाने वाकून वाचलं. मुलीला जळगावला नेत आहोत, असं लिहिलं होतं.

"मी नेते तिला," ती म्हणाली.

वच्छला आतल्या खोलीत पडून होती. चेहरा पांढरा पडला होता, ओठ फुटले होते. बाहेर काय ठरलं ते सिस्टरने तिला सांगितलं असावं. तिने प्रमिलाचा हात तेवढा धरला.

"अक्का, तिला बिननावाची नेऊ नका."

"बारसं करू ना आपण, तू बरी झालीस की."

"बारसं बाराव्या दिवशी असतं." वच्छला थांबली. "आज पहिलाच आहे."

प्रमिलाने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तडिता घरात चालेल," वच्छला म्हणाली. "बाहेरच्यांसाठी तुमच्या पुस्तकातलं ठेवा. जड असलेलं. कुणी सहज पुसून टाकणार नाही असं."

सिस्टरने बाळाला कापसात गुंडाळलं, पण छातीपोटाकडची बाजू उघडी ठेवली. "गरम पाण्याच्या पिशवीचा भरवसा नाही," ती म्हणाली. "अंगाची ऊब सगळ्यात चांगली. पोलक्याची बटणं काढा. हिला छातीशी लावा, कातडीला कातडी. वरून शाल घ्या. नाक मोकळं पाहिजे." बाळ ठेवल्यावर प्रमिलाला वजन असं जाणवलंच नाही. चिमणीएवढी धडधड तेवढी कळली. "आणि श्वास थांबला तर घाबरून हलवू नका. तळपायाला टिचकी मारा."

"थांबेल?"

"यांचा थांबतो. घ्यायचा विसरतात."

जीप सुपडूची होती. तो अभिमनच्या दुकानात विहिरींच्या मोटारी पोचवायचा. त्याने दोन्ही बाजूंच्या ताडपत्र्या बांधून फटींत गोणपाट कोंबलं होतं. प्रमिला पुढच्या सीटवर बसली. अभिमन दांडीला धरून उभा राहिला.

"पोचल्यावर फोन कर, अक्का."

तिने शाल घट्ट ओढून घेतली. जीप निघाली.

पहिला तास तिने बाहेर पाहिलंच नाही. शालीच्या आत बोट घालून बाळाच्या पाठीवर ठेवलं होतं. पाठ वर येई, खाली जाई. मध्येच वेग वाढे, मध्येच मंद होई. खड्डा आला की, सुपडू जीप जवळजवळ थांबवायचा आणि मग एकेक चाक उतरवायचा. मागचे ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून जायचे. 

पारोळा मागे पडल्यावर बोटाखालची पाठ थांबली.

प्रमिला वाट पाहत राहिली. एक, दोन, तीन, चार. तिने शाल उघडली. बाळाच्या ओठांभोवती निळसर रेघ उमटली होती. तिने कापसातून पाऊल बाहेर काढलं, तिच्या अंगठ्याच्या पेराएवढं, आणि तळव्याला टिचकी मारली. काही झालं नाही. दुसरी मारली. बाळाने पाय आखडला, तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला.

"काय झालं, अक्का?"

"काही नाही. तू चालव."

तिने बोट पुन्हा बाळाच्या पाठीवर ठेवलं. काही विचार करायला हवा म्हणून ती नावाचा विचार करू लागली. अथेना बापाच्या डोक्यातून निघाली होती, तिला आईच नव्हती. ते नको. अटलांटाला तर, बापाला मुलगा हवा होता म्हणून, डोंगरावर टाकून दिलं होतं. ते नाव मनात आल्याबरोबर प्रमिलाने दात आवळले. हे या मुलीच्या कपाळावर लिहून ठेवायचं नाही. मग राहिलं ते शाळेतल्या बाईंसारखं. तिला गोष्ट आठवली. बाळंतपणासाठी जिला कुणी जमीन देईना अशी एक बाई, तिच्या पोटी जुळं. मुलगी आधी झाली. झाल्या झाल्या ती उठली आणि आईच्या उशाशी बसली. तिनेच आईला धीर देऊन धाकट्या भावाची सुटका केली.

पहाटे डॉक्टर काय म्हणाले होते तेही तिला आठवलं. दाराबाहेरच्या नळावर हात धुताना, कुणालाच उद्देशून नाही असं ते म्हणाले होते, "पहिलीने वाट मोकळी केली म्हणून याला फिरवता आलं."

एरंडोल गेलं, पाळधी गेली. गिरणेचा पूल दिसू लागला आणि सुपडूने ब्रेक मारला.

पुढे वाहनांची रांग होती. पुलाच्या मध्यावर कापसाच्या गाठींचा एक ट्रक आडवा झाला होता. एक चाक निखळलं होतं, गाठी कठड्यावर कलल्या होत्या. पलीकडून आलेल्या बसने बाजूने काढायचा प्रयत्न केला होता आणि तीही तिथेच अडकली होती. सुपडू उतरून पळत पुढे गेला, पळतच परत आला.

"तासभर तरी हालत नाही," तो म्हणाला. "माणूस निघेल, गाडी निघणार नाही."

प्रमिला खाली उतरली.

"अक्का, वारा आहे पुलावर."

"इथे बसून काय करू?"

सुपडूने गळ्यातला मफलर काढून तिच्या शालीवरून घट्ट बांधला आणि तो पुढे झाला. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत, बाजूला व्हा, बाळ शे, बाजूला व्हा, असं सांगत चालू लागला. लोक सरकत होते. पूल लांब होता. खाली नदीत वाळूच जास्त होती आणि त्या वाळूवरून येणारा वारा बोचरा होता. प्रमिलाने एका हाताने बाळाला दाबून धरलं होतं, दुसऱ्या हाताने शालीचं तोंड. पायांत चपला होत्या, त्या निसटायला लागल्या तेव्हा तिने त्या तिथेच सोडल्या.

कललेल्या ट्रकाला पाठ घासून ती पलीकडे निघाली, आणि बोटाखालची पाठ पुन्हा थांबली.

ती कठड्याला टेकून खाली बसली. टिचकी मारली. दुसरी मारली, तिसरी मारली. बाळाचा चेहरा जांभळा होत चालला. सुपडूने वळून पाहिलं आणि तो तिच्यासमोर वाऱ्याला पाठ करून उभा राहिला, दोन्ही हातांनी आपली बंडी पसरून.

"आर्ते," प्रमिला म्हणाली. पूर्ण नाव तोंडातून येईना. "ए आर्ते. आर्ते, इकडे बघ." ती बोटाने पाठ चोळत होती, खालून वर, खालून वर. चौथी टिचकी तिने जोरात मारली. इतकी जोरात की, तिलाच वाईट वाटलं. "ए आर्तेमिस, घे श्वास."

मांजराच्या पिलाने शिंकावं तसा आवाज आला. मग बारीक, चिरका रडण्याचा सूर. पहाटेपासून ही मुलगी रडलेली प्रमिलाने ऐकलीच नव्हती. ती स्वतःही रडू लागली, पण उठून चालायला लागल्यावर.

पुलाच्या टोकाला अडकलेली वाहनं माघारी वळत होती. स्कूटर वळवणाऱ्या एका माणसाला सुपडूने हात केला. पांढरा सदरा, धोतर, हँडलला पिशवी. एरंडोलला निघालेले धान्याचे व्यापारी होते, गौतमचंद नावाचे. त्यांनी शालीतून दिसणारं डोकं पाहिलं आणि पिशवी सुपडूच्या हातात दिली.

"बसा बाई. घट्ट धरा, मी हळू नेतो."

"हळू नको," प्रमिला म्हणाली.

रुग्णालयात पेटी तापवून ठेवली होती. बाळाला आत नेल्यावर खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

"आर्तेमिस अभिमन पाटील."

"आरती?"

"आर्तेमिस." तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं.

पहिले पाच दिवस डॉक्टर रोज एवढंच म्हणायचे, आज आहे. वजन हजारावर आलं. नळीने दूध देत होते, थेंबाथेंबाने. प्रमिलाला राहायला गौतमचंदांच्या पत्नीने, मोहनबाईंनी, पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराची मागची खोली दिली. किती दिवस राहणार, हे त्यांनी कधी विचारलं नाही. प्रमिलाने कॉलेजला रजेची तार केली.

सहाव्या दिवशी अभिमन आला. त्याने काचेतून पाहिलं आणि लगेच मान वळवली. दोघं बाहेरच्या पायरीवर बसली.

"मुलगा चांगला आहे," तो म्हणाला. "परवा रात्रभर वीज गेली होती. दुकानातून बॅटऱ्या नेल्या, मीच पेटी चालू ठेवली."

"वच्छला?"

"ताप होता. उतरला." त्याने पायरीवरचा खडा पायाने ढकलला. "नाव ठेवलंस म्हणे."

"हो."

तिने सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं. त्याचा अर्थ काय म्हणून विचारलं, तेव्हा प्रमिलाने त्याला गोष्ट सांगितली. आधी झालेल्या मुलीची आणि तिने सोडवलेल्या भावाची. तो ऐकत होता. नखाखालचं वॉर्निश काढत होता.

"अक्का, मी सही केली ना, तेव्हा मला माहीत होतं," तो म्हणाला. "मला कळलं नव्हतं असं नाही. ती रस्त्यातच जाईल, हे माहीत असून मी सही केली."

प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन तिने शेतातून घरी आणलं होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

"ती मोठी झाल्यावर तिला सांगशील?" त्याने विचारलं.

"मी नाही सांगणार. सांगायचं की नाही, ते तू ठरव."

जाताना त्याने खिशातली वही काढली. नगरपालिकेत जन्माची नोंद करायची होती. "नीट लिहून दे. माझं चुकेल." तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

चौदाव्या दिवशी वच्छला आली. टाके ओले होते, मुलगा अजून धुळ्यात पेटीत होता आणि सासूने जायला मनाई केली होती. ती सुपडूच्या जीपमध्ये एकटी बसून आली. पेटीत हात घालून तिने मुलीच्या डोक्यावर एक बोट ठेवलं आणि पूर्ण नाव घेऊन हाक मारली. एकदाही हसली नाही. तीन दिवस राहून ती परत गेली, आठवड्याने पुन्हा आली. असं तिने सव्वा महिना केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलीचं वजन अठराशे भरलं आणि घरी न्यायला परवानगी मिळाली. एका कानाने तिला कमी ऐकू येईल असं डॉक्टरांना वाटत होतं. पुढे ते खरं ठरलं. प्रमिला तिला घेऊन दुपारी धुळ्याला पोचली. धुरपदाबाई दारात उभी होती. तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पण हात पुढे केला नाही.

"काय नाव सांगस तू तिनं? मना तोंडमा बसत नही."

"तडी म्हण, माय. घरात तडिता."

"तडी," धुरपदाबाई म्हणाली आणि आत गेली. यादीचा विषय तिने काढला नाही. चूक झाली असंही म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

वच्छला खाटेवर बसली होती. मुलगा तीन आठवड्यांपूर्वीच घरी आला होता, गालांनी भरला होता. प्रमिलाने मुलीला तिच्या मांडीवर दिलं. तिने पदर घेतला आणि तिला पाजायला सुरुवात केली. तेवढ्यात झोळीतला मुलगा जागा झाला आणि जोरात रडू लागला. धुरपदाबाईने त्याला उचललं.

"याले दे आधी. भुक्या शे तो."

"तिचं होऊ द्या," वच्छला म्हणाली.

"ती काय चिमणीसारखं दूध पिस. याले दे."

"तिचं होऊ द्या, आत्याबाई. मग त्याला घेते."

अभिमन दारात येऊन थांबला होता. धुरपदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो आत आला, आईच्या हातून त्याने मुलाला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि खोलीत फेऱ्या मारू लागला. मुलगा रडतच होता. मुलगी फार हळू प्यायची, दमायची, थांबायची, पुन्हा लागायची. पाव तास तरी गेला. धुरपदाबाई भिंतीकडेला बसून मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. 

प्रमिलाची रजा संपली होती. तिने पिशवी उचलली आणि पाचची अमळनेर गाडी गाठायला ती निघाली.